सहल त्यांची, चूल आमची

एप्रिल उजाडला की मुंबईच्या पेपरात एक छोटीशी बातमी हमखास येते. डबेवाले गावच्या यात्रेला निघाले, पाच-सहा दिवस डबे बंद! मग ऑफिसातल्या लोकांच्या जेवणाची कशी पंचाईत होणार याची चर्चा. आमच्या आंबेगाव-जुन्नर-खेडच्या पट्ट्यात मात्र याच बातमीचा अर्थ वेगळा. मुंबईकर येणार! म्हणजे घरटी पाच-सात माणसं वाढणार. गहू दळून आणा, डाळ निवडून ठेवा, वरच्या खोलीतल्या गाद्यांना ऊन द्या. तिकडची पंचाईत तिकडे, इकडची आमच्या वाट्याला.

मी महाळुंगे पडवळची. म्हणजे सून म्हणून इथली, माहेर जुन्नर तालुक्यात. आमचं गाव हुतात्मा बाबू गेनूंचं. १९०८ साली इथे जन्मलेला हा मुलगा पोटासाठी मुंबईला गेला, कापड गिरणीत कामाला लागला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. वय अवघं बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव दिलंय. शाळेत दरवर्षी भाषणं होतात. पण एक गोष्ट भाषणात कुणी म्हणत नाही. बाबू गेनू ‘मुंबईकर’ होते. आजच्या आमच्या पोरांसारखेच गाव सोडून गेलेले. आमचा हा सगळा भागच एक पाय गावात आणि एक पाय मुंबईत ठेवून जगत आलाय. कुणी गिरणीत, कुणी डब्यावर, कुणी भायखळ्याच्या भाजीबाजारात, आणि तो बाजार वाशीला गेल्यावर त्याच्या मागोमाग वाशीला. गोदीत नि मसाला मार्केटात पाठीवर पोती वाहणारे माथाडी तर किती!

गावोगावची ‘मुंबईकर ग्रामस्थ मंडळं’ त्यातूनच उभी राहिली. त्यांचं मोल मला चांगलं ठाऊक आहे, हे आधी सांगते. नाहीतर लेख वाचून फोन यायचे! परक्या शहरात नवख्या पोराला अंग टाकायला गावकीची खोली होती ती मंडळामुळे. कुणी दगावलं तर प्रेत गावी पाठवायचा खर्च मंडळ करायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा कितीतरी जण या गावकीच्या आधारावरच तगले. गावातली देवळं, शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या यांवर ‘मुंबईकर मंडळाच्या सौजन्याने’ अशी पाटी बघा, दर गावात सापडेल.

आता जगण्याची ती मारामार तितकी राहिली नाही. पोरांनी नालासोपारा, डोंबिवली, घणसोलीला आपापले फ्लॅट घेतले. गावकीच्या खोल्यांची गरज सरली. मंडळं राहिली ती मुख्यतः भेटीगाठींसाठी. जानेवारी-फेब्रुवारीत स्नेहसंमेलन, पावसाळ्यात सहल, दिवाळीनंतर कधीतरी देवदर्शन आणि चैत्र-वैशाखात गावची यात्रा. चांगलंच आहे की. वर्षभर लोकलला लटकणाऱ्या माणसाला चार आपली तोंडं दिसावीत, आपल्या बोलीत ओरडून बोलता यावं, यात वाईट काय?

वाईट काही नाही. पण या भेटीगाठींत बाई कुठे असते, ते मी गेली काही वर्षं न्याहाळतेय. बचत गटांच्या कामानिमित्त पंचक्रोशीतल्या गावांत माझं येणं-जाणं असतं, मुंबईला नातेवाइकांकडेही जाणं होतं. त्यामुळे दोन्हीकडचं दिसतं.

यात्रेपासूनच सुरू करू. पहिल्या दिवशी पुरणपोळी. पालखी, छबिना, मग रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. आणि बैलगाड्यांचा घाट! २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा आमच्याकडचे पुरुष सुतक पडल्यासारखे वावरत होते. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तर गावोगाव पेढे. माझी काही तक्रार नाही. पण जरा मोजून बघा : तमाशाला बायका बसत नाहीत, आखाड्यात जात नाहीत, घाटात उन्हातान्हात पोरं घेऊन कोण जाणार? मग त्या दोन दिवसांत बाई करते काय? तर पाहुण्यांच्या पंगती वाढते. मासवडी तर आमच्याकडची खासियत! मुंबईकराला गावी आल्यावर मासवडी हवीच. चवीचं कौतुक मनापासून करतात हो, पण पिठलं घोटून घोटून खांदा निखळतो तो कुणाचा? ओलसर फडक्यावर खोबरं-तिळाचं सारण पसरून पन्नास माणसांच्या वड्या थापायच्या, वर रश्शाचं वाटण आणि बाजरीच्या भाकरी. एका यात्रेत माझ्या जाऊबाई तव्यासमोरून उठल्या तेव्हा घाटातली शेवटची बारी सुटून गेली होती आणि देवळातल्या पायऱ्या झाडायला सुरुवात झाली होती. त्यांनी देवाचं दर्शन दुसऱ्या दिवशी घेतलं. यात्रा गावात, आणि गावातल्याच बाईला दर्शन शिळं!

बरं, मुंबईहून येणाऱ्या जावा-नणंदा तरी सुटतात का? छे! त्या गाडीतून उतरल्या की पदर खोचून आमच्याच शेजारी बसतात. वर्षाकाठी त्यांची ही एवढीच सुट्टी. एकीने तर मला म्हटलं, ‘‘वहिनी, तिकडे चौघांचं करते, इकडे चाळिसांचं. याला सुट्टी म्हणायची होय?’’

आता मुंबईतल्या सहलींचं. पावसाळी सहल म्हणजे कर्जतकडचं एखादं फार्महाऊस, धबधबा, आणि फक्त पुरुष मंडळी. त्यात काय काय चालतं ते मी लिहायला नको. देवदर्शनाच्या सहलीला मात्र ‘सहकुटुंब’ असा शब्द असतो. कार्ल्याची एकवीरा, शिर्डी, वज्रेश्वरी. बस पहाटे पाचला सुटणार म्हणजे बाई तीनला उठणार. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चटणी, पोरांचे कपडे, सासूबाईंच्या गोळ्या. ठिकाण कुठलं, बस किती वाजता, मुक्काम करायचा की नाही, हे सगळं आधी मीटिंगमध्ये ठरलेलं. त्या मीटिंगला बाई नसते. का नसते? तर ती मेंबर नसते. मेंबर ‘घर’ असतं, आणि घर म्हणजे घरातला कर्ता पुरुष.

हीच खरी गोम आहे. वर्गणी घरटी, यादीत नाव पुरुषाचं. नवरा गेला तर नाव मुलाचं लागतं, मग तो आठवीत का असेना! बायको तीस वर्षं मुंबईत घरकाम करून, पोळ्या लाटून त्याच वर्गणीचे पैसे देत असली तरी पावतीवर तिचं नाव नाही. आणि गावची लेक? ती तर लग्न झालं की यादीतून कायमची गेलीच. माझंच बघा. माझं बालपण ज्या गावात गेलं, जिथल्या विहिरीत मी पोहायला शिकले, त्या गावच्या मंडळाचा एक कागद मला आजवर आला नाही. माझ्या धाकट्या भावाला येतो. त्याचा जन्म ठाण्याचा, वाढला ठाण्यात, गावाकडच्या शेताचे बांध त्याला मला विचारावे लागतात. एकदा मी त्या मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याला विचारलंच. ते अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘ताई, लेकी दिल्या घरी सुखी असाव्यात. दोन-दोन मंडळांचा भार तुमच्यावर कशाला?’’ बोलणं गोड, पण अर्थ काय तर दार बंद.

महाराष्ट्रात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क देणारा कायदा झाला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. पंचायतीत आता निम्म्या जागा बायकांच्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव बापाच्या आधी लागतं. म्हणजे तलाठ्याला बाई चालते, ग्रामसेवकाला चालते, शाळेच्या मास्तरांना चालते. गावची सरपंच बाई असू शकते आणि ती यात्रेच्या मिरवणुकीत फेटा बांधून चालते. पण त्याच गावच्या मुंबईच्या मंडळात ती साधी खजिनदार होऊ शकत नाही, कारण यादीतच तिचं नाव नाही. गंमत आहे की नाही?

स्नेहसंमेलनात आमच्यासाठी खास कार्यक्रम असतो बरं का. हळदी-कुंकू आणि पैठणीचा खेळ. २००४ साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं आणि हा खेळ पार वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला. बायका हसतात, उखाणे घेतात, फुगे फोडतात. मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू! पण हळदी-कुंकवाच्या वेळी मागच्या खुर्च्यांवर बघा. तिथे दहा-बारा जणी हात मांडीवर ठेवून गप्प बसलेल्या असतात. त्यांना वाण मिळत नाही. आमच्या भागातल्या कष्टकरी पुरुषांची आयुष्यं तशी लहानच. ओझी वाहून, व्यसनापायी, रेल्वेच्या अपघातात कमी वयात गेलेले पुष्कळ. त्यांच्या मागे एकटीने घर ओढणाऱ्या बायका प्रत्येक मंडळात आहेत. संमेलनात त्यांच्यासाठी काय, तर जेवण. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मग मुंबईतल्या हॉलमध्ये हे का होऊ नये? तिथे तर गावकीचा धाकही नाही.

एका मंडळाची जुनी स्मरणिका माझ्या हाती आली होती. गुळगुळीत कागद, संस्थापकांचे फोटो, मिशाळ, टोपीवाले, छान. पानं उलटत गेले. बाईचा फोटो एकच, दीपप्रज्वलन करणाऱ्या प्रमुख पाहुण्यांच्या सौभाग्यवतींचा. आणि मला आमच्या आतेसासूबाई आठवल्या. लालबागला त्यांची खानावळ होती. दहा बाय बाराची खोली, महिन्याच्या बोलीवर पंधरा-सोळा जेवणारी माणसं, बहुतेक सगळी याच भागातली. कुणाचा पगार लांबला तरी ताट थांबलं नाही. संपात तर महिनोन् महिने उधारी! गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, सावकाराच्या पाशातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. मंडळाच्या संस्थापकांपैकी निम्मे लोक अशाच कुणा मावशीच्या हातचं जेवून मीटिंगला गेले असतील. तिचा फोटो नाही, नावही नाही.

परदेशातली मराठी मंडळं मी पाहिलेली नाहीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, त्यांच्या संमेलनांच्या बातम्या वाचते. तिथे बायका अध्यक्षही झाल्यात. माझी भाची न्यू जर्सीला असते. ती सांगते, त्यांच्याकडे प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, आणि नवरे छोले करून आणतात. छोले बरे होतात की नाही ते तिने सांगितलं नाही! पण सात समुद्रापलीकडे जे जमतं ते घणसोलीत जमू नये?

आमच्यातल्याच काही जणी या बोलण्यावर नाकं मुरडतात, तेही सांगायला हवं. माझ्या एक चुलत जाऊबाई म्हणाल्या, ‘‘नको ग बाई ते मेंबर होणं. मेंबर झालं की वर्गणी आली, मीटिंग आली. आहे ते काय वाईट आहे?’’ त्यांचं पूर्ण चुकीचं नाही. कामाच्या डोंगरावर आणखी एक धोंडा कुणाला हवाय? पुरुष मंडळी तर ठरलेलं वाक्य फेकतात : ‘‘आम्ही बोलावतो, बायकाच येत नाहीत.’’ अहो, मीटिंग रविवारी रात्री साडेसातला, कुकर लावायच्या वेळेला. दुपारी तीनला ठेवून बघा, आणि मुलं तासभर तुम्ही सांभाळा. मग कोण येतं नि कोण नाही ते मोजू.

आणखी एक. मुंबईकर दरवर्षी गावी येतात, पण गावाकडच्या बाईला मुंबई कुणी दाखवलीय का? नवरा तीस-तीस वर्षं तिकडे राबला. ती इकडे शेत, गुरं, म्हातारी माणसं सांभाळत राहिली. तिला मुंबई माहीत ती मनीऑर्डरच्या कुपनावरून.

मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या बायकांना पाय फुटले. ओझर, लेण्याद्री, भीमाशंकर तर झालंच. मग गेल्या डिसेंबरात गटातल्या आम्ही बावीस जणी माळशेज घाटाने कल्याण आणि तिथून लोकलने मुंबईला गेलो. आधी काळबादेवी. तिथल्या गर्दीत बाबू गेनूंच्या नावाचा रस्ता आहे. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, ‘बाजू व्हा, बाजू व्हा’ म्हणणारे हमाल. आमच्यातली एक म्हणाली, ‘‘एवढ्याशा गल्लीत ट्रक आला तरी कसा असंल?’’ दरवर्षी बारा डिसेंबरला भाषण ऐकणाऱ्या बाईला हा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता. दुसऱ्या दिवशी वाशीला मसाला मार्केटात गेलो. एकीचे मालक तिथे माथाडी होते, चार वर्षांपूर्वी वारले. ती गेटपाशी उभी राहून पोती उतरवणाऱ्यांकडे बघत राहिली. मिरचीच्या ठसक्याने सगळ्यांचे डोळे वाहत होते, त्यामुळे तिचं वेगळं कळलं नाही. मग म्हणाली, ‘‘घरी आलं की पाठ चोळून घ्यायचे. मला वाटायचं, सवय लागलीया.’’

ही सहल मंडळाने काढली नव्हती. कुणी काढणारही नव्हतं, कारण आम्ही कुणाच्याच यादीत नाही. मुक्कामाची सोय मात्र मुंबईतल्या जावा-नणंदांनी केली. एकेकीच्या दोन खोल्यांत सहा-सहा जणी झोपलो. त्यांनी आम्हाला चहाचा कपसुद्धा विसळू दिला नाही. रात्री अकराला मरीन लाइन्सच्या कठड्यावर बसून भेळ खाल्ली. तिथे राहून वीस वर्षं झालेल्या दोघीजणी म्हणाल्या, आम्हीही रात्रीचा समुद्र पहिल्यांदाच बघतोय.

त्याच कठड्यावर ठरलं. येत्या स्नेहसंमेलनाच्या आधी पंचक्रोशीतल्या मंडळांना एक पत्र द्यायचं. वर्गणी माणशी घ्या, घरटी नको. पावती ज्याच्या-त्याच्या नावाची, सुनेच्या, लेकीच्या, नवरा गेलेलीच्याही. परवडत नसेल तिला पन्नास रुपये लावा, पण नाव लिहा. वाण सगळ्यांना द्या नाहीतर कुणालाच नको. यात्रेला दोन दिवस आचारी लावा. तमाशाची सुपारी, बँजो, घाटातली बक्षिसं यांवर लाखांत खर्च होतो, त्यात आचाऱ्याचे पैसे काही जड नाहीत. आणि वर्षातून एक सहल गावाकडच्या बायकांसाठी मुंबईत काढा, यजमानपण तुमचं.

पत्रावर सह्या घेणं सुरू आहे. आतापर्यंत एकशे सत्तावीस झाल्या, त्यात अकरा पुरुष. एका मंडळाच्या सेक्रेटरींना मी फोनवर मजकूर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘वहिनी, बाकीचं बघू मीटिंगमध्ये. पण आचाऱ्याला मासवडी जमंल का?’’

म्हटलं, ‘‘मीटिंग दुपारी ठेवा. मी येऊन शिकवते.’’